जमिनीला मध्ये आणू नका!

जालन्यात लोखंडाची खाण नाही. दगडी कोळसाही नाही. खाली काळा बेसॉल्ट, वर काळी माती. तरी महाराष्ट्रात कुठंही स्लॅबचं काम निघालं की सळईसाठी जालन्याचं नाव येतंच. इथलं पोलाद तयार होतं भंगारातून, स्पंज आयर्नमधून आणि मुख्य म्हणजे विजेवर. खाण नसलेलं गाव विजेच्या जोरावर पोलादाचं गाव झालं, ही मला जालन्याची सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. मग अशा गावात वीज मोजणाऱ्याचा हात सोनाराच्या हातासारखा असायला हवा.

त्या हातातलं एक हत्यार आज बघू. एक लाल वायर, एक काळी वायर, दोन्हींच्या टोकाला हुक. मध्ये साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी डबी. डबीतून निघालेली केबल ऑसिलोस्कोपला, म्हणजे विजेचा तरंग पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला जोडायची. नाव डिफरेन्शियल प्रोब. काम असं, की दोन बिंदूंमधला फरक दाखवायचा आणि जमिनीला त्या हिशेबात येऊ द्यायचं नाही.

काळा चिमटा कुठं जातो?

ऑसिलोस्कोपच्या नेहमीच्या प्रोबला पुढं सुई असते आणि बाजूला लोंबणारा छोटा काळा चिमटा. शिकाऊ पोराला वाटतं, मल्टिमीटरच्या लाल-काळ्या वायरींसारखंच हे. तसं नाही. मल्टिमीटर सेलवर चालतो. त्याच्या दोन्ही वायरी जमिनीपासून सुट्या असतात. स्कोपचा चिमटा मात्र स्कोपच्या धातूच्या अंगाला जोडलेला, अंग प्लगच्या जाड पिनेला, आणि जाड पिन भिंतीतून थेट अर्थिंगच्या खड्ड्यात. स्कोप चार चॅनेलचा असेल तर चारही चिमटे आतून एकच! एक चिमटा पाच व्होल्टच्या बिंदूवर आणि दुसरा बारा व्होल्टच्या बिंदूवर लावलात, तर त्या दोन बिंदूंमध्ये तुम्ही तारच टाकलीत.

हाच चिमटा २३० व्होल्टच्या फेजवर लागला तर सरळ फेज आणि अर्थ यांचा शॉर्ट. क्षणात शेकडो अँपिअर धावू शकतात. चिमट्याचं टोक वितळतं, स्कोपच्या आतली तांब्याची बारीक वाट जळते आणि ठिणग्या थेट चेहऱ्यासमोर उडतात.

यावरचा एक उपाय दुरुस्तीच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरतोय: स्कोपच्या प्लगची अर्थ पिनच तोडून टाकायची. कळकळीनं सांगतो, हे करू नका. पिन तोडली की शॉर्ट होत नाही खरा, पण का होत नाही? कारण स्कोपचं अख्खं अंग आता फेजवर चढलेलं असतं. केबल जोडायची कडी, मागचा पत्रा, यूएसबीचं तोंड, सगळं जिवंत. बटण फिरवायला गेलेला माणूसच मग अर्थिंगची वाट होतो. शिवाय माप बिघडतं ते वेगळंच. स्कोपचं मोठं अंग जमिनीसमोर कपॅसिटरसारखं वागतं आणि ते सगळं ओझं सर्किटच्या त्या एका बिंदूला लटकतं.

मायनस म्हणजे शून्य नव्हे

रोलिंग मिलच्या मोटरींचा वेग सांभाळणारे व्हीएफडी ड्राइव्ह जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत ठायीठायी दिसतात. त्यांच्या पोटात ४१५ व्होल्टची थ्री-फेज वीज आधी डीसी होते, साधारण ५६० व्होल्टची. बहुतेकांना वाटतं, प्लस ५६० वर आणि मायनस शून्यावर. मग मायनसला चिमटा लावायला काय हरकत?

हरकत मोठी आहे. डीपीचा न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो. त्या हिशेबानं ड्राइव्हचं प्लस टोक जमिनीच्या सुमारे २८० व्होल्ट वर असतं आणि मायनस टोक सुमारे २८० व्होल्ट खाली. वर दोन्ही टोकं सेकंदाला १५० वेळा हेलकावेही खातात. म्हणजे शून्य त्या खोक्यात कुठंच नाही!

ड्राइव्हमधल्या वरच्या आयजीबीटीचं, म्हणजे झपाट्यानं चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं गेट तपासायचं असेल तर गोष्ट आणखी रंगते. गेटचा इशारा असतो जेमतेम १५ व्होल्टचा. पण तो ज्या पायावर उभा आहे, तो पायच सेकंदाला हजारो वेळा ५६० व्होल्टची उडी मारतो. जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसलेल्या पोराची उंची खाली जमिनीवर उभं राहून कशी मोजणार? पट्टी पाळण्यातच न्यायला हवी. डिफरेन्शियल प्रोबचा काळा हुक म्हणजे पाळण्यात नेलेलं पट्टीचं खालचं टोक.

भट्टीला जमीन मुद्दाम नको असते

इंडक्शन भट्टीत ज्वाळा नसते. पोकळ तांब्याच्या नळीचं जाड वेटोळं, त्यातून काहीशे हर्ट्झचा प्रचंड करंट, आणि मधल्या भंगारात चुंबकीय क्षेत्रामुळं उठणारे भोवरे-प्रवाह. धातू आपल्याच अंगात तापतो. शुद्ध लोखंड वितळतं १,५३८ अंश सेल्सिअसला. ओतताना पोलाद १,६०० अंशांच्या आसपास असतं. आणि त्या नळीच्या पोकळीतून वाहत असतं चक्क थंड पाणी! एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वितळलेलं पोलाद, मध्ये ‘रॅमिंग मास’ ठासून केलेलं अस्तर.

अस्तराला तडा गेला आणि पोलाद कॉइलपर्यंत पोचलं तर काय होईल, हे भट्टीवर काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून एक सुंदर युक्ती असते. भट्टीचं वीज-सर्किट जमिनीपासून पूर्ण सुटं ठेवतात, आणि अस्तराच्या तळातून तारा घालून वितळलेल्या धातूला मात्र जमिनीशी जोडतात. धातू कॉइलच्या दिशेनं सरकू लागला की सुट्या सर्किटमधून जमिनीकडं गळती सुरू होते. गळती ओळखणारं यंत्र ती पकडतं आणि भट्टी बंद करतं. ही गळती म्हणजे तडा गेल्याची पहिली वर्दी.

आता या सर्किटला कोणी साध्या प्रोबचा काळा चिमटा लावला तर? मुद्दाम सुटं ठेवलेलं सर्किट त्यानं जमिनीला बांधलं. पहारेकरी यंत्राला ती मोठी गळतीच दिसणार. भट्टी थांबेल, आणि त्याच वेळी दुसरीकडं खरीच गळती असली, तर मोठा करंट स्कोपमधून वाट काढेल. डिफरेन्शियल प्रोबच्या प्रत्येक हुकामागं काही मेगाओहमचा अडसर असतो. पाच मेगाओहम धरले तर ५६० व्होल्टवर जमिनीकडं जातो तो एका मिलिअँपिअरचा नववा भाग. इतक्याशा करंटनं पहारेकरी सहसा हलत नाही.

इथं एक खबरदारी. काही मेगाओहम म्हणजे तुटलेली तार नव्हे. हा प्रोब सर्किटला जमिनीपासून अलग करत नाही, फक्त खूप मोठ्या अडसरातून बघतो. त्याला सोसण्याची मर्यादा आहे, आणि भट्टीच्या कॉइलवरचा व्होल्टेज हजार-दोन हजारांच्या पुढंही जातो. २,००० व्होल्टच्या एसीचं शिखर असतं २,८२८ व्होल्टवर. १,३०० किंवा १,५०० व्होल्टपर्यंतचा प्रोब ड्राइव्हला उत्तम, भट्टीच्या कॉइलला मुळीच नाही.

तारेवरचा कोतवाल

बदनापूरच्या रस्त्यानं जाताना ११ केव्हीच्या तारेवर कोतवाल पक्षी बसलेला दिसतो. ती तार जमिनीच्या हिशेबानं सुमारे ६,३५० व्होल्टवर असते. पण कोतवालाचे दोन्ही पाय एकाच तारेवर, मध्ये दोन-चार सेंटिमीटर. तारेतून १०० अँपिअर वाहत असले तरी त्या दोन पायांत फार तर दोन-तीन मिलिव्होल्टचा फरक पडेल. कोतवालाला ६,३५० व्होल्टचा पत्ता नाही; त्याला कळतो तो फक्त फरक. डिफरेन्शियल प्रोबला नेमकं हेच शिकवलेलं असतं. दोन्ही हुकांना सारखंच जे चढलं, ते विसरायचं.

आधी दोन्ही हुक एकाच जागी

मराठवाड्यातल्या कित्येक कारखान्यांत अजून मुख्य कारागिराला ‘उस्ताद’ म्हणतात. उस्ताद आणि शिकाऊ यांचं बोलणं साधारण असं चालतं:

“उस्ताद, लावू का हुक?”

“आधी दोन्ही एकाच जागी लाव, बेटा. प्रोब किती खोटं बोलतो ते बघून घे. मग खरं विचार.”

या तीन वाक्यांत अचूक मोजणीची अर्धी विद्या आहे. बाकीची अर्धी क्रमात.

सुरुवात वीज बंद करण्यापासून. ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही जीव राहतो. झाकणावर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, तितकं थांबायचं आणि मग मीटरनं खात्री करायची. तो मीटर चालू आहे ना, हेही आधी चालू वीज असलेल्या दुसऱ्या जागी तपासून. भट्टीच्या कपॅसिटर बँकेला तर दुप्पट आदर द्यावा.

मग दोन आकडे मनाशी ठरवायचे. दोन हुकांमध्ये जास्तीत जास्त किती फरक येईल, आणि प्रत्येक हुक जमिनीपासून किती उंच असेल. प्रोबवर दोन्ही मर्यादा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात आणि दुसरीकडं बहुतेकांचं लक्ष जात नाही. हिशेब शिखराचा धरायचा: २३० व्होल्टचं शिखर ३२५, ४१५ चं ५८७. सोबत ‘कॅट’ वर्ग बघायचा. कॅट दोन भिंतीतल्या सॉकेटपुरता, कॅट तीन इमारतीच्या वितरण पॅनलपर्यंत, कॅट चार जिथून वीज आत येते तिथला. आकडा मोठा तितका अचानक येणाऱ्या धक्क्याला तोंड देण्याचा दम मोठा.

प्रोबची केबल स्कोपला आधी, हुक सर्किटला शेवटी. काढताना उलट. डबीवर व्होल्टेज किती पट घटवायचा त्या गुणोत्तराचं बटण असतं, १००:१ किंवा १०००:१, काहींवर ५०:१ आणि ५००:१. तेच गुणोत्तर स्कोपच्या मेनूत भरायचं. इथं चूक झाली की ड्राइव्हचा ५६० व्होल्टचा डीसी पडद्यावर ५६ व्होल्टचा दिसतो आणि बघणारा निर्धास्त हात घालतो. सगळ्या चुकांत मला हीच जास्त भीतीदायक वाटते, कारण ती आवाज करत नाही.

आता दोन्ही हुक एकमेकांना लावायचे आणि रेघ शून्यावर आहे का बघायची. नसेल तर प्रोबला काही मिनिटं गरम होऊ द्यायचं आणि शून्य जुळवायचं. त्यानंतर उस्तादाची परीक्षा. वीज बंद असतानाच दोन्ही हुक सर्किटमधल्या त्याच उड्या मारणाऱ्या बिंदूवर लावायचे, हात बाजूला घ्यायचे आणि वीज द्यायची. दोन्ही हुक एकाच जागी, म्हणजे फरक शून्य. रेघ सपाट हवी. पण पडद्यावर बारीक काटे उठताना दिसतील. ते सर्किटचे नव्हेत, प्रोबचे. किती उंच आहेत ते लिहून ठेवायचं. पुढं खऱ्या मोजणीत तेवढ्याच उंचीचे काटे दिसले तर त्यांच्यामागं धावायचं कारण नाही. या एका सवयीनं कितीतरी धडधाकट पार्ट फेकले जाण्यापासून वाचतील.

पुन्हा वीज बंद, आणि लाल हुक हव्या त्या बिंदूवर, काळा संदर्भावर. लाल-काळा उलटा लागला तर? काही फुटत नाही. तरंग फक्त डोक्यावर उभा दिसतो. साध्या प्रोबशी तुलना केली तर ही केवढी मोठी सूट!

हुकांच्या दोन वायरी एकमेकींना पिळून ठेवायच्या, वेणी घातल्यासारख्या. सुट्या वायरींचा फास तयार होतो आणि भट्टीचं किंवा मोटरच्या केबलचं चुंबकीय क्षेत्र त्या फासात स्वतःचा व्होल्टेज निर्माण करतं. पीळ दिला की एका वेढ्यात आलेला गोंधळ पुढच्या वेढ्यातल्या उलट्या गोंधळानं मिटतो. हीच युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी पेटंट केली होती. वायर पुरत नाही म्हणून घरचा तुकडा जोडून लांबवणं मात्र टाळायचं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असणं हाच या प्रोबचा प्राण आहे.

खोटेपणा मोजायचं माप

प्रोब सारखेपणा किती विसरतो, हे डेसिबलमध्ये सांगतात. ८० डेसिबल म्हणजे दहा हजारातला एक भाग उरतो, ६० म्हणजे हजारातला, ४० म्हणजे शंभरातला. दोन्ही हुकांवर ५०० व्होल्ट सारखे चढले आणि प्रोब ८० डेसिबलचा असेल, तर चूक ५० मिलिव्होल्टची. मजेत चालेल.

पण खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा ५० हर्ट्झचा असतो. वेग वाढला की हा विसराळूपणा कमी होत जातो. एक मेगाहर्ट्झला तो ५० डेसिबलवर आला, तर तेच ५०० व्होल्ट दीड व्होल्टहून जास्त चूक करतात. आयजीबीटी उघडतानाच्या तीव्र कडेवर दिसणारे काटे बहुतेक वेळा इथूनच येतात. विकत घेताना वारंवारतेनुसार उतरत जाणारा आलेख मागावा.

दोन साधे प्रोब लावून एका चॅनेलमधून दुसरा वजा केला तर? स्कोपला ते येतं आणि कमी व्होल्टेजवर चालतंही. पण दोन प्रोबांत एक टक्क्याचा फरक सहज असतो, आणि ३०० व्होल्टचा एक टक्का म्हणजे तीन व्होल्ट. १५ व्होल्टच्या गेटमध्ये तीनची चूक कोणाला परवडेल? आणखी एक मोह म्हणजे १०००:१ वर ठेवून बारीक इशारा शोधणं. तिथं स्कोपचा स्वतःचा एका मिलिव्होल्टचा खरखराट पडद्यावर एक व्होल्ट होऊन दिसतो. सोसेल तेवढं लहान गुणोत्तर घ्यावं.

मोसंबीच्या गाडीखाली सात मायक्रोव्होल्ट

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. मोसंबीचा ट्रक असो की सळईचा, तो वजनकाट्यावर उभा राहतो तेव्हा खाली हीच विद्या राबते. काट्याखालच्या लोडसेलमधून इशाऱ्याच्या दोन तारा निघतात. १० व्होल्ट दिलेल्या लोडसेलमध्ये दोन्ही तारा पाच व्होल्टच्या आसपास बसलेल्या असतात, आणि पूर्ण भार आला तरी त्यांच्यात फरक पडतो साधारण २० मिलिव्होल्टचा. ६० टनी काट्यावर मोसंबीचं २० किलोचं एक क्रेट म्हणजे जेमतेम सात मायक्रोव्होल्ट. पाच व्होल्ट विसरायचे आणि सात मायक्रोव्होल्ट लक्षात ठेवायचे, तेही उन्हापावसात. शेतकऱ्याचा पैसा त्या फरकावर ठरतो.

दवाखान्यात ईसीजी काढतात तेव्हाही तेच. हृदयाचा इशारा सुमारे एक मिलिव्होल्टचा, आणि खोलीतल्या वायरिंगमुळं अंगावर चढलेली ५० हर्ट्झची भुणभुण त्याहून कितीतरी मोठी. उजव्या पायाचा चिमटा हृदय ऐकायला नसतोच! बहुतेक यंत्रं त्या चिमट्यातून भुणभुणीचा उलटा इशारा अंगात सोडतात आणि ती दाबतात.

नव्या ट्रॅक्टर-गाड्यांतली कॅन बस, संगणकाची इथरनेट केबल, मीटरला जोडणारी आरएस-४८५ ची जोडी: सगळीकडं पिळलेल्या दोन तारा आणि त्यांच्यातला फरक.

शेतातला सुटा डीसी

सौर कृषी पंप बसवण्यात जालना राज्यातल्या आघाडीच्या जिल्ह्यांपैकी आहे. घनसावंगी, अंबडच्या बाजूला बांधाबांधावर निळी पॅनेलं दिसतात. दहा-बारा पॅनेलं एकापुढं एक जोडली की उघड्या टोकांत चारशे-पाचशे व्होल्ट जमतात, आणि बहुधा त्यातलं कोणतंही टोक जमिनीला बांधलेलं नसतं. शेतात दुरुस्तीला जाणाऱ्या पोरांनी या डीसीला एसीपेक्षा जास्त जपावं. एसी दर अर्ध्या फेऱ्याला शून्यावर येतो, त्यामुळं ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी विझतच नाही, ती ओढली जाते. ऊन असेपर्यंत पॅनेलला बंद करायचं बटणही नसतं. म्हणून डीसी आयसोलेटर पाडून, पलीकडच्या बाजूला हुक लावून, मगच आयसोलेटर चढवायचा.

अडतीस वर्षांचं आयुष्य

ऑसिलोस्कोपची काचेची नळी कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये बनवली. १९०९ चं नोबेल त्यांना मार्कोनींबरोबर मिळालं ते मात्र बिनतारी संदेशवहनासाठी. प्रोबच्या टोकाच्या ‘बीएनसी’तले एन आणि सी म्हणजे नील आणि कॉन्सलमन हे दोन अभियंते, बी म्हणजे फिरवून अडकवायची, संगिनीसारखी खाच.

डिफरेन्शियल प्रोबच्या डबीत बसलेल्या, दोन इशाऱ्यांची वजाबाकी करणाऱ्या जोडसर्किटाचं मूळ मात्र मला सगळ्यात हेलावून टाकतं. ब्रिटनच्या ईएमआय कंपनीतले अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३६ मध्ये त्याचं पेटंट नोंदवलं. स्टिरिओ ध्वनीचं पेटंटही त्यांचंच, १९३१ चं. ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी घेताना त्यांचं हॅलिफॅक्स विमान कोसळलं. वय ३८. आज जगातल्या जवळपास प्रत्येक ऑपॅम्प चिपच्या, म्हणजे इशारा मोठा करणाऱ्या चिपच्या तोंडाशी त्यांच्या जोडसर्किटाचा वंशज बसलेला आहे.

आणि औंढ्याला

जालन्याहून मंठा, जिंतूर करत गेलात की हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ येतं. तिथं लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. एकच लेझर दोन्हींत विभागून पाठवायचा, परत आणायचा आणि फरक बघायचा. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाहून लहान बदल ओळखण्याइतकी ती संवेदनशील आहेत. लेझरची स्वतःची थरथर दोन्ही भुजांत सारखीच जाते, म्हणून वजाबाकीत ती बहुतांश मिटते.

दोन्ही भुजा सारख्या असल्या की परतलेले दोन किरण एकमेकांना खोडतात आणि बघणाऱ्या डोळ्यासमोर जवळजवळ अंधार राहतो. उस्तादाच्या बाकावर दोन्ही हुक एकाच जागी लावल्यावर दिसायला हवी, ती हीच सपाट रेघ.